जलजीवालय, घरगुती

मासे, गोगलगायी, पाणवनस्पती इ. जलचर ज्यात जिवंत ठेवून पाहता येतात, अशा काचेच्या वा अन्य पारदर्शक पदार्थाच्या लहान जलपात्रास घरगुती जलजीवालय म्हणतात. बोलभाषेत त्यास ‘फिश टँक’ हा शब्द रूढ आहे. नदीतील किंवा तळ्यातील मासा ज्या पाण्यात श्वसन व उत्सर्जन करतो, ते पाणी सतत बदलत वा विरल होत असते. जलजीवालयातील मासा मात्र स्वतःच्या उत्सर्जित द्रव्यांतच राहतो. त्यामुळे मासे पाळण्याचे काम हे मुख्यतः पाण्याची निगा राखण्याचे काम ठरते. ही गोष्ट मनुष्याच्या ध्यानात टप्प्याटप्प्याने आली. तिचा पूर्वार्ध एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका रसायनशास्त्रज्ञाने उलगडला आणि उत्तरार्ध उलगडण्यात त्याच्याच मुलाचा मोठा वाटा होता. परंतु घरगुती जलजीवालयाच्या व्यवहारात हे दोन्ही भाग एकत्र येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. नवशिक्या हौशी माणसाच्या पात्रातील मासे पहिल्या महिन्यातच का मरतात, याचे उत्तर या इतिहासात सापडते.

पूर्वपीठिका : शोभेसाठी मासे पाळण्याची परंपरा चीनमध्ये सर्वांत जुनी आहे. सुंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) तांबूस-सोनेरी रंगाच्या माशांची निवडपद्धतीने पैदास होऊ लागली व त्यांतून आजचा सोनमासा निर्माण झाला. हे मासे प्रथम तळ्यांत व पुढे चिनी मातीच्या मोठ्या भांड्यांत ठेवीत. १५९६ मध्ये जांग च्यान-द याने त्यांच्या जोपासनेवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. सतराव्या शतकात सोनमासा यूरोपात पोहोचला.

भारतात राजेलोकांच्या जलक्रीडेचे व मत्स्यविनोदाचे उल्लेख आढळतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदावर स्वतंत्र प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार व त्यांना घालावयाचे खाद्य यांची माहिती आहे. मात्र तेथील विषय गळाने मासे धरण्याचा आहे. बंदिस्त पात्रातील पाण्याचा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही.

तो प्रश्न भारतात खऱ्या अर्थाने सोडविला तो मत्स्यबीजाची वाहतूक करणाऱ्या लोकांनी. बंगालमधील नद्यांत गोळा केलेले रोहू, कटला, मृगळ या माशांचे बीज मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरच्या प्रांतांत नेण्यात येई. वाटेत हे लोक हंडीतील पाणी हाताने सारखे हालवीत, तळाचा गाळ व मेलेली पिले काढून टाकीत, थोडे पाणी बदलीत आणि पाण्यात तांबड्या मातीची बारीक पूड टाकीत. हालविण्यामुळे हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळे आणि मातीमुळे तरंगणारी घाण तळाशी बसे. पुढे ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या व हंड्या मागे पडल्या. तथापि थोड्या पाण्यात पुष्कळ जीव जगविण्याची ही अनुभवसिद्ध विद्या उल्लेखनीय होती.

समतोल जलजीवालय : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोसेफ प्रीस्टली व यान इंगेनहाउस यांनी प्राण्यांच्या श्वसनाने बिघडलेली हवा हिरव्या वनस्पती प्रकाशात पुन्हा सुधारतात, असे दाखविले. १८३२ मध्ये झान व्हीलप्र-पॉवर या फ्रेंच स्त्री-शास्त्रज्ञेने सिसिलीत समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेची पात्रे वापरली. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी प्रीस्टली यांचे तत्त्व पाण्यास लावून पाहिले. सु. ५५ लि. धारणाशक्तीच्या काचपात्रात त्यांनी दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही काळाने वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगायी पात्रात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी निवळले. मासे, वनस्पती व गोगलगायी यांचा हा समतोल त्यांनी १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे जलजीवालयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये उठल्याने काच स्वस्त झाली होती. परिणामी घरोघरी काचपात्रे आली. मात्र ही लाट फार काळ टिकली नाही. वॉरिंग्टन यांच्या पात्रात मासे दोनच होते; हौशी लोकांनी त्याहून लहान पात्रांत अनेक मासे सोडले. वनस्पती लावूनही ते मरू लागले आणि १८६० नंतर अनेक पात्रे रिकामी पडली. समतोलाच्या सिद्धांतात ऑक्सिजनचा हिशेब होता; माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचा नव्हता.

नायट्रीकरणाचा शोध : अमोनियाचा हिशेब शेतीच्या संशोधनातून लागला. १८७७ मध्ये तेओफील श्लेसिंग व आशील म्यूंट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाणी वाळूच्या थरातून झिरपत सोडले असता त्यातील अमोनियाचे नायट्रेट बनते, असे दाखविले. क्लोरोफॉर्मची वाफ दिल्यास ही क्रिया थांबे. यावरून ती सजीवांकडून होते हे सिद्ध झाले. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषि-संशोधन केंद्रात हाच प्रश्न रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी पुढे नेला. हे समतोल जलजीवालयाच्या जनकाचे त्याच नावाचे पुत्र (१८३८–१९०७) होत. अमोनियापासून प्रथम नायट्राइट व नंतर नायट्राइटपासून नायट्रेट, अशा दोन पायऱ्यांनी ही क्रिया घडते आणि प्रत्येक पायरीचे सूक्ष्मजंतू वेगळे असतात, असे त्यांनी दाखविले. ते सूक्ष्मजंतू शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात त्यांना यश आले नाही. ते यश सर्ग्येई व्ह्यिनोग्राड्स्की यांना १८९० मध्ये लाभले.

पित्याचा विषय पाण्याचा व पुत्राचा मातीचा. म्हणून दोघांच्या कार्याचा संबंध दीर्घकाळ कोणी जोडला नाही. विसाव्या शतकात विजेवर चालणारे हवापंप, तळाच्या वाळूखालील व स्पंजाचे निस्यंदक प्रचारात आल्यावर हे स्पष्ट झाले, की निस्यंदकाचे मुख्य कार्य गाळ अडविणे नसून नायट्रीकरण करणाऱ्या सूक्ष्मजंतूंना राहण्यास पृष्ठभाग व ऑक्सिजन पुरविणे हे आहे. अलीकडील संशोधनाने या ज्ञानात भर पडली आहे. जलजीवालयात नायट्राइटचे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा हे सूक्ष्मजंतू करतात, असे १९९८ मध्ये दिसून आले. तर याच वंशातील काही सूक्ष्मजंतू दोन्ही पायऱ्या एकट्यानेच पार पाडतात, हे २०१५ मध्ये उघड झाले.

भारत व महाराष्ट्र : भारतातील पहिले सार्वजनिक जलजीवालय १९०९ मध्ये मद्रास येथे उघडण्यात आले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते १९५१ मध्ये झाले. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना काचेआडचा मासा प्रथम तेथे दिसला. २०१५ मध्ये ते नूतनीकरणानंतर पुन्हा खुले झाले, परंतु २०२० च्या महासाथीत बंद पडले.

समुद्रापासून दूर असलेल्या विदर्भात मात्र या छंदाचा परिचय बहुधा गप्पी माशामुळे होतो. दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग व त्रिनिदाद येथील हा मासा डासांच्या अळ्या खात असल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आणला गेला. याच कामासाठी गँबुसिया मासा १९२८ मध्ये इटलीतून आणण्यात आला. हिवतापविरोधी मोहिमांत आरोग्य खात्याने गप्पी मासे खेड्यापाड्यांतील हौदांत व डबक्यांत सोडले आणि तेथूनच अनेक मुलांनी ते बरणीत भरून घरी नेले. हे दोन्ही मासे परके असून स्थानिक माशांशी स्पर्धा करतात. म्हणून घरच्या पात्रातील मासे नदीत वा तलावात सोडणे अयोग्य होय.

विदर्भातील पाणी व उन्हाळा : यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे पैनगंगेच्या खोऱ्यात, वाघाडी नदीकाठी वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावातील नवशिक्याला थंड देशांतील पुस्तकी नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. बेसाल्ट खडकातील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा दुष्फेन म्हणजे बोलीत ‘जड’ असते व त्याचे पीएच मूल्य सामान्यतः ७ पेक्षा अधिक असते. अमोनियाचा विषारी अंश या मूल्यावर अवलंबून असतो. २५° से. तापमानास पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी सु. ०·६% विषारी रूपात असतो. पीएच ८ असताना तो सु. ५% व ३०° से. तापमानास सु. ७% होतो. म्हणजे एकाच प्रमाणातील घाण जड व उष्ण पाण्यात कित्येक पट घातक ठरते. याउलट, नायट्रीकरणामुळे उत्पन्न होणारे अम्ल जड पाणी सामावून घेते आणि गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना असे पाणी मानवते. त्यामुळे या भागात आरंभ याच माशांनी करणे हितावह ठरते.

मे महिन्यात येथील दिवसाचे तापमान ४०° से. च्या वर जाते. पाण्यात २०° से. ला दर लिटरमागे सु. ९ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळू शकतो; ३५° से. ला तो सु. ७ मिग्रॅ. इतकाच मावतो. त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाने धापा टाकू लागल्यास ऑक्सिजन कमी पडल्याचे ते लक्षण समजावे. पात्र उन्हापासून दूर, भिंतीलगतच्या थंड जागी ठेवणे व कुलरची हवा पृष्ठभागावरून जाऊ देणे यांनी पाणी काही अंश थंड राहते. मात्र बाष्पीभवनाने पाणी घटते व क्षार मागे उरतात. ही घट पुन्हा जड पाण्यानेच भरून काढल्यास क्षार साचत जातात. ती साठविलेल्या स्वच्छ पावसाच्या किंवा क्षाररहित पाण्याने भरून काढावी. वीज जाऊन हवापंप थांबल्यास तांब्याने पात्रातीलच पाणी घेऊन ते थोड्या उंचीवरून पुनःपुन्हा ओतावे. मत्स्यबीजाच्या हंडीवाल्यांचे तत्त्व तेच होते.

निगा : नव्या पात्रात नायट्रीकरण करणारे सूक्ष्मजंतू जवळजवळ नसतात. ते पुरेसे वाढण्यास सु. चार ते सहा आठवडे लागतात. पाणी या अवधीत काचेसारखे स्वच्छ दिसत असले, तरी प्रथम अमोनिया व मागाहून नायट्राइट साचतो. नायट्राइट माशांच्या रक्तातील हीमोग्लोबिनास निकामी करतो; मासा पाण्यात ऑक्सिजन असूनही गुदमरतो. दुकानातून एकाच दिवशी दहा-बारा मासे आणण्याची उतावीळ येथेच नडते. पात्र शक्यतो ५० लि. किंवा अधिक धारणाशक्तीचे असावे, कारण थोडे पाणी लवकर बिघडते व लवकर तापते. आरंभी दोन-तीन चिवट मासे सोडावेत किंवा मासे न सोडता अमोनियाचा सौम्य पुरवठा करून सूक्ष्मजंतू वाढू द्यावेत. एखाद्या निरोगी जुन्या पात्रातील वापरलेला स्पंज वा वाळू आणून घातल्यास हा अवधी बराच कमी होतो. खाद्य दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. उरलेले खाद्य कुजून अमोनियात भर घालते.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून मिसळलेला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो व उपयुक्त सूक्ष्मजंतूही मारतो. विरंजक चूर्ण घातलेले पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून व ढवळून अथवा सोडियम थायोसल्फेट मिसळून मगच वापरावे. आठवड्यातून एकदा सु. चौथा हिस्सा पाणी बदलावे, कारण नायट्रीकरणाच्या शेवटी उरणारे नायट्रेट वनस्पती काही प्रमाणात शोषतात, उरलेले पाणी बदलूनच जाते. सर्व पाणी एकदम बदलणे, वाळू व स्पंज नळाखाली खळखळून धुणे यांत स्वच्छतेचा हेतू असतो. प्रत्यक्षात त्यामुळे महिनाभरात वाढलेले सूक्ष्मजंतू नष्ट होऊन पात्र पुन्हा नव्यासारखे होते आणि मासे मरू लागतात. स्पंज पात्रातून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा.

वॉरिंग्टन पितापुत्रांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत उलगडलेल्या या दोन क्रिया आज प्रत्येक निरोगी पात्रात एकत्र चालतात. वनस्पती डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची काळजी घेतली जाते. सूक्ष्मजंतू दिसत नाहीत, म्हणून ते नळाखाली धुतले जातात. नवशिक्याच्या पात्रातील माशांच्या मृत्यूचे सर्वसामान्य कारण हेच होय.