लग्नाचा अर्थ शब्दकोशातून काढायचा का?

आमच्या समाजातल्या पत्रिका पाहा. वर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र, खाली ठळक अक्षरांत 'मंगल परिणय'. परिणय म्हणजे मुळात वधूला अग्नीभोवती फिरवून नेणे. होम तर आम्ही १९५६ सालीच सोडला! 'लग्न' हा शब्दही ज्योतिषाचा आहे, क्षितिजावर उगवणारी रास म्हणजे लग्न. मुहूर्ताला थोतांड म्हणणारा कार्यकर्ताही रविवारी 'लग्नाला' जातो. 'विवाह' या शब्दाच्या मुळाशी मुलीला वाहून नेणे आहे, तिची संमती कुठेच नाही.

यावरून दोन प्रकारचे लोक आमच्याशी वाद घालतात. एक म्हणतात, शब्द आमचे वापरता, मग अर्थही आमचाच माना; विवाह म्हणजे संस्कार, आणि संस्कार म्हणजे सप्तपदी. दुसरे बहुतेक आपलेच तरुण असतात. ते म्हणतात, शब्दांचे अर्थ बदलतच असतात, तशी लग्नाची व्याख्याही आपोआप बदलेल, तुम्ही कशाला डोके शिणवता? इतिहास पाहिला तर आम्हाला दोन्ही म्हणणी कच्ची वाटतात.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी विधवा बाईचा पुन्हा संसार मांडला जाई, त्याला लग्न म्हणत नसत. तो 'पाट' किंवा 'मोहोतर'. नवराबायको तेच, मुलेबाळे तीच, कष्ट तेच. पण शब्द वेगळा आणि मानही कमी. पेशवाईत तर अशा पाटावर 'पाटदाम' नावाचा करही घेतला जाई. म्हणजे कोणत्या नात्याला 'लग्न' म्हणायचे, हे ज्यांच्या हातात पोथी आणि सत्ता होती त्यांनी ठरवले. नुसत्या बोलण्याच्या ओघात हा भेद पडलेला नाही.

तो मोडायला पहिला मोठा घाव घातला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी विधीची पुस्तिका काढली. तिच्यातल्या मंगलाष्टकांत नवरी स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलते आणि नवरा ते देण्याची शपथ घेतो. 'मंगलाष्टक' हा शब्द त्यांनी टाकला नाही, आतला माल बदलला. दक्षिणा बुडालेले भटजी कोर्टात गेले, यातच काय ते आले.

हिंदू कोड बिलाच्या वेळी बाबासाहेबांपुढे हाच वाद उभा राहिला. विवाह हा संस्कार आहे, म्हणून घटस्फोट अशक्य, असे विरोधक म्हणत. बाबासाहेबांनी शब्दाची फोड करत बसण्याऐवजी समाजाकडे बोट दाखवले: हिंदूंमध्ये बहुसंख्य शूद्र आहेत, आणि त्यांच्यात सोडचिठ्ठीची रूढी आधीपासून आहे. आमच्या मराठीत त्यासाठी 'काडीमोड' हा रोकडा शब्दही आहे. काडी मोडली, संपले. पोथीतल्या अर्थाला जगण्यातला अर्थ त्यांनी असा आडवा लावला.

मग १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. कलम २ प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम ७ मध्ये लग्न दोघांपैकी एकाच्या रूढ विधींप्रमाणे लागावे असे आहे. आता 'रूढी' म्हणजे काय? कलम ३ सांगते, दीर्घकाळ सातत्याने आणि एकसारखी पाळली गेलेली. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जुने सगळे सोडून दिले, त्याने दीर्घकाळ कुठून आणायचा? महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी बौद्ध विवाहात होम नाही, सप्तपदी नाही, हे स्पष्ट केले होते. विधी होता. कायद्याच्या नजरेत वय नव्हते.

शब्दाचा काच किती बसतो, हे १९६५ च्या भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात दिसते. पहिली बायको हयात असताना या गृहस्थाने १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरा घरोबा केला. हार घातले, कपाळाला कपाळ लावले. खालच्या कोर्टाने द्विभार्येचा गुन्हा धरला. सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या 'विवाह विधिपूर्वक लागणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाला शब्दकोशाचा आधार घेतला: योग्य विधींसह साजरा करणे. होम नाही, सप्तपदी नाही, त्याऐवजी वेगळी रूढी असल्याचे सिद्ध नाही. म्हणून दुसरे लग्न झालेच नाही आणि गुन्हाही नाही. गडी सुटला. पहिलीच्या पदरात काय पडले, ते शब्दकोशात नसते.

हे जुने झाले असे समजू नका. आमच्याकडे एक ताई आल्या होत्या. नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला. तक्रार करायला गेल्या तर उलट त्यांनाच विचारले, तुमचे लग्न कोणत्या रूढीने लागले, पुरावा दाखवा. त्यांच्या पिशवीत एक पत्रिका आणि चार फोटो होते. पत्रिकेवर अर्थातच 'मंगल परिणय'.

तामिळनाडूने दुसरी वाट धरली. पेरियारांच्या चळवळीत लागलेली स्वाभिमान लग्ने १९५३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अवैध ठरवली होती. शब्दाचा अर्थ हळूहळू बदलेल म्हणून ते लोक थांबले नाहीत. अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ मध्ये कलम ७-अ आणले: एकमेकांना समजेल त्या भाषेत पती-पत्नी म्हणून स्वीकारणे, किंवा हार घालणे, किंवा अंगठी घालणे, किंवा ताली बांधणे; यांतले काहीही एक पुरे. भटजी नको. आणि आधी लागलेली लग्नेही वैध. शिखांनी तर १९०९ मध्येच आनंद विवाह कायदा मिळवून आपल्या विधीबद्दलची शंका मिटवली होती.

महाराष्ट्रात आपण लाखोंच्या संख्येने असून ७-अ सारखे कलम नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट आहे, पण तिथे तीस दिवसांची नोटीस लागते. आंतरजातीय जोडप्याला ते तीस दिवस कसे जातात, हे वस्तीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. नोंदणी दाखला आहे ना, असे काही जण म्हणतात. पण २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले, की विधी झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न होत नाही, आणि तसे सांगताना 'संस्कार' हाच शब्द वापरला.

म्हणून आमची मागणी पत्रिकेवरचा शब्द बदलण्याची नाही; 'परिणय' छापा नाहीतर 'लग्न' छापा. मागणी कलमाची आहे: दोघांची संमती, साक्षीदारांसमोर स्वीकार, आणि बौद्ध विधी पुरेसा असल्याचे लेखी, पूर्वलक्षी प्रभावासह. तोवर कार्यकर्त्यांनी निदान एवढे करावे. विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांची सही, साक्षीदारांची नावे आणि त्रिशरण-पंचशीलापासून प्रतिज्ञेपर्यंतचे चित्रीकरण नवरीच्या हातात द्यावे. नवऱ्याच्या नव्हे, नवरीच्या.