विल्नियस: परत उभा राहिलेला राजवाडा आणि शाळेखाली गेलेलं सिनेगॉग

युरोप म्हटलं की आपली मंडळी पॅरिस-स्वित्झर्लंड करून परततात. लिथुआनियाची राजधानी विल्नियस कुणाच्या यादीत सहसा नसते. कधी जाणं झालंच तर गाइड काय दाखवेल ते आत्ताच सांगतो: टेकडीवरचा गेदिमिनासचा बुरूज, पायथ्याचं पांढरंशुभ्र कॅथेड्रल, १५७९ सालचं विद्यापीठ आणि मग चर्चमागून चर्च. जुनं शहर १९९४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि ते त्या मानाचं आहेच. फक्त फिरताना एक प्रश्न डोक्यात ठेवा. या शहरानं पाडलेलं काय परत बांधलं, आणि काय तसंच राहू दिलं?

कॅथेड्रलच्या मागेच ग्रँड ड्यूकांचा राजवाडा आहे. मूळ राजवाडा झारच्या रशियानं १८०१ च्या सुमारास पाडला. पुढची दोनशे वर्षं तिथे राजवाडा नव्हता. २००० साली लिथुआनियाच्या संसदेनं कायदा करून तो परत बांधायचं ठरवलं, २००२ ला काम सुरू झालं आणि २०१३ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. जुने पाये आत जपलेत, वरचं सगळं नवं. ‘हा तर सिनेमाचा सेट’ अशी टीका तिथेही झाली. मला मात्र त्यात फार वावगं वाटत नाही. ज्या देशाला दोन शतकांत रशियानं दोनदा गिळलं, त्याला आपलं राज्य एकेकाळी बाल्टिकपासून काळ्या समुद्राच्या दिशेनं पसरलं होतं, हे दगडात बघावंसं वाटणारच.

आता या राजधानीत राहत कोण होतं ते बघा. १८९७ च्या रशियन जनगणनेत शहराची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास. त्यात ज्यू जवळजवळ ४० टक्के, पोलिश ३० टक्क्यांच्या वर, रशियन २० टक्के. आणि लिथुआनियन? जेमतेम २ टक्के! (हीच ती भाषा, जी ‘संस्कृतच आहे’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरते. संस्कृत नाही, पण लांबची बहीण नक्की. देवाला ‘दिएवस’ आणि धुराला ‘दूमस’ म्हणतात.) एकाच गावाला ज्यू विल्ने म्हणत, पोलिश विल्नो म्हणत आणि रशियन विल्ना. १९२० मध्ये पोलंडनं शहर घेतलं, ते १९३९ पर्यंत. लिथुआनियाच्या घटनेत राजधानी विल्नियसच होती, कारभार मात्र काउनासहून चाले. १९३९ च्या ऑक्टोबरात स्टालिननं पोलंडच्या लुटीतून हे शहर लिथुआनियाला ‘भेट’ दिलं आणि पुढच्याच वर्षी सगळा देशच खिशात घातला.

राजवाड्यापासून दहा-बारा मिनिटं चाललं की ज्यू गल्ली लागते. इथे सतराव्या शतकातलं मोठं सिनेगॉग होतं. सिनेगॉग चर्चपेक्षा उंच नको असा दंडक, म्हणून आतली जमीन रस्त्याच्या पातळीखाली खोल नेलेली. बाहेरून बेताचं, आत भव्य. थोर तालमूदपंडित एलिया गाओन (१७२०–१७९७) याच मोहल्ल्यातले. युद्धात इमारतीचं नुकसान झालं, पण भिंती उभ्या होत्या. त्या सोव्हिएत सरकारनं पन्नासच्या दशकात पाडल्या आणि जागेवर शाळा बांधली. अलीकडे तिथे उत्खनन झालं. २०१८ मध्ये सिनेगॉगचा मधला चौथरा, जिथून धर्मग्रंथ वाचत, तो सापडला तो मुख्याध्यापकांच्या खोलीखाली.

थडग्यांचे दगड तर सोव्हिएत काळात शहरात पायऱ्यांना आणि भिंतींना वापरले गेले. नदीपलीकडच्या जुन्या ज्यू दफनभूमीवर क्रीडा प्रासाद उभा राहिला. त्याच सभागृहात १९८८ च्या ऑक्टोबरात ‘सायुदिस’ या स्वातंत्र्य चळवळीचं पहिलं अधिवेशन भरलं. लिथुआनियन माणसाला ती वास्तू पवित्र वाटते, ज्यू माणसाला तिच्याखालची माती. दोघांचंही चूक कसं म्हणणार?

गेदिमिनास मार्गावर केजीबीची जुनी इमारत आहे. त्याआधी तीच गेस्टापोची होती. तळघरात कोठड्या आहेत, गोळ्या घालायची खोली आहे, बाहेरच्या दगडांवर मारलेल्यांची नावं कोरली आहेत. नुसत्या जून १९४१ मध्ये सोव्हिएतांनी लिथुआनियातून सुमारे १७ हजार माणसं सैबेरिया आणि इतरत्र हद्दपार केली, तेव्हा हे दुःख काही खोटं नाही. पण संग्रहालयाचं नाव २०१८ पर्यंत ‘वंशसंहार पीडितांचं संग्रहालय’ होतं, आणि ज्यूंच्या संहाराला त्यात बरीच वर्षं जागाच नव्हती. २०११ मध्ये एक कोठडी मिळाली. देशातले ९० टक्क्यांहून जास्त ज्यू मारले गेले होते, आणि मारणाऱ्यांत जर्मनांसोबत स्थानिक माणसंही होती.

खरी अडचण इथेच आहे. योनास नोरेइका यांचंच घ्या. सोव्हिएतविरोधी कट केला म्हणून १९४७ मध्ये त्यांना मृत्युदंड झाला, म्हणून ते वीर. पण १९४१ मध्ये जिल्हाप्रमुख असताना ज्यूंना घेट्टोत पाठवायच्या हुकमांवर सहीही त्यांचीच. विल्नियसमधली त्यांची पाटी २०१९ च्या एप्रिलमध्ये एकानं फोडली, ती परत लागली, जुलैत महापौरांनी काढली, सप्टेंबरात लोकांनी नवी लावली. एका वर्षात एवढं! राष्ट्राध्यक्ष ब्राझाउस्कास यांनी १९९५ मध्ये इस्रायलच्या संसदेत जाऊन माफी मागितली होती, हेही सांगायला हवं. पण वरच्या पातळीवरची माफी वेगळी आणि गल्लीतली पाटी वेगळी.

शहराबाहेर सगळे त्राकायला जातात. तळ्यातला लाल विटांचा किल्ला, फोटो झकास येतात. तोही बराचसा विसाव्या शतकात परत बांधलेला. व्हितौतास राजानं चौदाव्या शतकाच्या अखेरीस क्रिमियातून आणलेल्या कराइम लोकांची वस्ती तिथे अजून आहे. त्यांची मटणाची ‘किबिनाय’ खा, आपल्या करंजीची आठवण येईल.

त्राकायच्या रेल्वेला वाटेत पानेर्याय लागतं. विल्नियसहून जेमतेम दहा किलोमीटर. बहुतेक पर्यटक तिथे उतरत नाहीत. तुम्ही उतरा. पाइनचं रान आहे आणि रानात मोठे गोल खड्डे. सोव्हिएतांनी इंधनाच्या टाक्यांसाठी खणलेले, जर्मनांना ते आयते मिळाले. १९४१ ते १९४४ मध्ये इथे सुमारे ७० हजार ज्यू, शिवाय हजारो पोलिश आणि सोव्हिएत युद्धकैदी मारले गेले. सोव्हिएत काळातल्या स्मारकावर ‘ज्यू’ हा शब्दच नव्हता, सगळे ‘सोव्हिएत नागरिक’. शेवटी पुरावा नष्ट करायला जर्मनांनी ८० कैद्यांना प्रेतं उकरून जाळायला लावली. रात्री खड्ड्यात कोंडलेल्या त्या माणसांनी हातांनी आणि चमच्यांनी ३० मीटरहून लांब बोगदा खणला. १५ एप्रिल १९४४ च्या रात्री ते पळाले. पहारेकऱ्यांनी गोळीबार केला. त्यातले ११ जण युद्ध संपलं तेव्हा जिवंत होते. बोगदा नेमका कुठून गेला होता हे २०१६ मध्ये जमीन न खणता, यंत्रांनी शोधून काढलं.