घारापुरी : बंदर आणि लेणी

गिरडहून समुद्र शेकडो मैल लांब. तरी आपल्या टेकडीवर दगडी सुपाऱ्या सापडतात, आणि तो एका व्यापाऱ्याचा शापानं दगड झालेला माल, असं आपण ऐकत आलो. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट म्हणतं. कारण हाताशी नसलं की कथा येते. घारापुरीतही लेणी पांडवांनी खोदली असं सांगतातच ना!

गेटवेहून लाँचनं तासाभरात बेट येतं. लोक घाईनं पायऱ्या चढतात आणि ‘त्रिमूर्ती’पुढे उभे राहतात. ती त्रिमूर्ती नव्हेच, सदाशिव आहे; असो. बंदराकडे मात्र कुणी बघत नाही. याच बेटावर, मोरा बंदराजवळ, रोमन मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत. भूमध्य समुद्राकाठची दारू इथं उतरत होती!

लेणी साधारण सहाव्या शतकातली. कलचुरी कृष्णराजाची नाणी मिळाली म्हणून बरेच अभ्यासक त्या घराण्याकडे बोट दाखवतात. कोकणच्या मौर्यांचंही नाव घेतात. निकाल लागत नाही, कारण शिलालेख नाही. एक होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु लिहितो की तो दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथं कुणाला वाचता आला नाही, आणि पुढे हरवला. म्हणजे वाचता येत नव्हतं त्यांनीच तो नेला.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव दिलं, तो नशिबाचा. १८६४ साली इंग्लंडला न्यायला उचलताना मोडला, म्हणून राहिला. तुकडे जोडलेला तो आज भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ उभा आहे.