इतिहास लिहावा कसा आणि तपासावा कोणी?

आपल्या बुद्धविहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा समितीने माझ्यावर एक काम सोपवले. वस्तीचा आणि विहाराचा इतिहास गोळा करायचा तर तो कोणत्या पद्धतीने करावा, यावर एक छोटा लेख लिहून द्या, असे सांगण्यात आले. मी लेख लिहिला. कागदपत्रे कोणती पाहावीत, वृद्धांना काय विचारावे, पाहिलेले आणि ऐकीव यात फरक कसा करावा, असे मुद्दे मांडले. उदाहरण म्हणून आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असलेली एक गोष्ट घेतली : "बाबासाहेब आपल्या वस्तीत आले होते." या गोष्टीला कागदाचा आधार नाही, प्रत्यक्ष पाहणारा कोणी सापडला नाही, सबब ती इतिहासातून वगळावी, असे मी लिहून टाकले.

छापायला देण्याआधी लोकांचे मत घ्यावे म्हणून रविवारी वंदनेनंतर तो लेख विहारात वाचून दाखवला. आणि काय सांगावे, बांधवहो! निम्मी सभा उठून उभी राहिली. "चार बुकं शिकलात म्हणून आमच्या बापजाद्यांना खोटं ठरवता काय?" असे एकाने विचारले. दुसरे म्हणाले, "ते वाक्य काढा, नाहीतर लेखच छापू नका." तिसऱ्या गृहस्थांनी बाजूला घेऊन हळूच सांगितले, "पाटीवर नाही, पण माझ्या वडिलांचं नाव तेवढं लेखात घाला." मी खट्टू होऊन घरी आलो. लेख वाचून दाखवला हेच चुकले, असे वाटू लागले.

त्या रात्री परमपूज्य बाबासाहेबांचा एक जुना निबंध पुन्हा उघडला. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यांचे वय तेव्हा अवघे पंचवीस. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. म्हणजे आधी जाणकारांसमोर वाचन आणि मग छपाई, हा क्रम त्यांनीही पाळला होता.

त्या निबंधाची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधीच्या अभ्यासकांनी, म्हणजे सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपल्याकडचे पुढे ज्ञानकोशकार म्हणून गाजलेले केतकर यांनी, जातीची जी व्याख्या केली ती त्यांनी एकेक करून समोर ठेवली. त्यात घेण्यासारखे काय आणि उणे काय, ते सांगितले. मग जातीतल्या जातीत लग्न हेच जातीचे मर्म आहे, असे ठरवले. हे बंधन टिकवायचे तर जोडीदार मेल्यावर उरलेल्या बाईचे आणि पुरुषाचे काय करायचे, असा प्रश्न विचारला, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या चालींचा धागा तिथवर नेऊन जोडला. आणि शेवटी काय म्हटले? आपला सिद्धांत चुकीचा आहे असे कोणी दाखवून दिले, तर तो सोडून द्यायचीही आपली तयारी आहे! ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर शिकू दिले नाही, त्या समाजाचा पंचवीस वर्षांचा तरुण परक्या देशात विद्वानांसमोर उभा राहून हे म्हणतो. ही नुसती नम्रता नव्हे. स्वतःच्या अभ्यासावर विश्वास असणाराच असे म्हणू शकतो.

पण याचा अर्थ कोणी काहीही म्हणावे आणि आपण मान डोलवावी, असाही नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर मात्र त्यातला काही भाग गाळावा, असा आग्रह मंडळाने धरला. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यावर गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये 'हरिजन' पत्रात टीका केली. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका स्वतःच छापली आणि तिच्याजवळ आपले उत्तर ठेवले. टीका वेगळी आणि काटछाट वेगळी, हे इथे शिकावे. टीकेला त्यांनी आपल्या पुस्तकात जागा दिली, काटछाटीला दिली नाही.

१९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतही हाच बाणा दिसतो. अस्पृश्यतेच्या उगमाचा सरळ पुरावा हाती नाही, दुवे तुटलेले आहेत, अशा वेळी इतिहासकाराने तर्काने दुवा जोडावा, पण हा तर्क आहे हे वाचकाला सांगावे, अशी त्यांची भूमिका होती. टीकाकारांकडून त्यांनी एवढेच मागितले, की निःपक्षपातीपणे तपासा. अस्पृश्यांचे पूर्वज हे पांगलेले, बौद्ध धम्म मानणारे लोक होते, या त्यांच्या निष्कर्षावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. त्या चर्चेचे दार बाबासाहेबांनी स्वतःच उघडे ठेवले होते.

तथागतांची शिकवण याहून वेगळी नाही. महापरिनिब्बाण सुत्तात भोगनगर येथे त्यांनी भिक्खूंना चार महापदेस सांगितले. कोणी म्हणेल की हे मी प्रत्यक्ष बुद्धांच्या तोंडून ऐकले, किंवा संघाकडून, किंवा जाणत्या थेरांकडून ऐकले. तरी ते लगेच स्वीकारू नका आणि लगेच धुडकावूही नका. सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा, मग ठरवा.

इथे मी थबकलो. लगेच स्वीकारू नये, हे मी पाळले होते. पण लगेच धुडकावू नये, हे कुठे पाळले? वस्तीतली गोष्ट मी वगळून मोकळा झालो होतो. ती आली कुठून, हे विचारलेच नव्हते.

पुढच्या रविवारी पुन्हा विहारात गेलो आणि हाच प्रश्न सर्वांना विचारला. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "बाबासाहेब हितं नव्हते आले रं. आम्ही गेलो होतो. मी आठ वर्षांची होते. बापानं आम्हाला नागपूरला नेलं. आईकडं पांढरं लुगडं नव्हतं, शेजारणीचं मागून नेसली. बाबासाहेब लांबून ठिपक्याएवढे दिसले. मी पोरांना सांगायचे, आम्ही बाबासाहेबांना बघितलं. पोरांनी पुढं सांगताना बाबासाहेबांनाच हितं आणलं." दुसऱ्या गल्लीतल्या एका आजोबांना वेगळे गाठून विचारले. त्यांनीही त्याच प्रवासाची हकीगत सांगितली. म्हणजे गोष्ट खोटी नव्हती, तिची दिशा उलटी झाली होती. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला आपली माणसे गेली होती, हा आपल्या वस्तीचा खरा इतिहास! मी ती गोष्ट वगळली असती, तर हाही गेला असता. आणि लोकांच्या रागाला घाबरून तशीच छापली असती, तर आजीच्या आईचे ते मागून आणलेले लुगडे कुणाला कळले असते?

त्याच दिवशी एका उपासिकेने घरातली पत्र्याची पेटी आणली. त्यात विहार बांधतानाच्या वर्गणीची पावतीपुस्तके निघाली. एक रुपया, दोन रुपये, पाच रुपये. कितीतरी पावत्या बायकांच्या नावाच्या आणि पाटीवर मात्र एकही बाई नाही! ज्यांनी वडिलांचे नाव घालायला सांगितले होते, त्यांच्या वडिलांची पावती सापडली नाही. आईची सापडली, दोन रुपयांची. ते गृहस्थ बराच वेळ ती पावती हातात धरून बसले. मग म्हणाले, "हिचं नाव घाला."

पहिला लेख मी फाडून टाकला. त्याच्या जागी हा लिहिला.

बंधू-भगिनींनो, आपला इतिहास शेकडो वर्षे दुसऱ्यांनी लिहिला आणि हवा तसा लिहिला. आता लेखणी आपल्या हातात आहे, म्हणून आपली जबाबदारी दुप्पट आहे. आपण एक खोटी गोष्ट लिहिली, तर उद्या आपल्या दहा खऱ्या गोष्टींवर कोणी विश्वास ठेवणार नाही. तेव्हा घरातल्या पावत्या, पत्रिका, फोटो विहारात आणा. फोटोच्या मागे साल आणि नावे लिहा. कोणी सांगितले आणि त्याने स्वतः पाहिले की ऐकले, तेही लिहा. या लेखात काही चुकले असेल तर जरूर सांगा. काढा किंवा घाला एवढेच म्हणू नका, कशावरून ते सांगा. पुढच्या स्मरणिकेत ती दुरुस्ती सांगणाऱ्याच्या नावासह छापू.

नमो बुद्धाय! जय भीम!