पेढी उज्जैनची, मालकीण ग्वाल्हेरची

१७८५ च्या उन्हाळ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी चार्ल्स मॅलेट सुरतेहून मजल दरमजल करत उज्जैनला पोहोचला. पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा वकील म्हणून त्याला पुण्यात बसायचे होते आणि महादजी शिंद्यांच्या संमतीशिवाय ते होणार नव्हते. उज्जैन ही शिंद्यांची राजधानी, पण महादजी तिथे नव्हते. त्यांची छावणी दूर उत्तरेत, मथुरेच्या बाजूला पडली होती. मॅलेट ग्वाल्हेर, आग्रा करत तिकडे गेला. भेट झाली, यथावकाश नेमणूकही झाली. पुण्यात तो पोहोचला तेव्हा १७८६ साल उजाडले होते.

त्या काळी समक्ष भेट हा मोठा खर्चाचा मामला होता. भेटीचा दिवस ठरायचा, सामोरे कोणी आणि कुठवर जायचे हे ठरायचे, नजर-नजराणा व्हायचा, आणि विडा-अत्तर झाल्यावर पाहुणा उठायचा. खरी बोलणी बहुधा आधीच वकिलांच्या आणि कारभाऱ्यांच्या पातळीवर झालेली असत. खुद्द उज्जैनचा कारभारही असाच चाले. पूर्वी, महादजींचे वडील राणोजी शिंदे यांच्या काळात, ते मोहिमांवर असत आणि मागे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर सारे पाहत. महाकाळाच्या मंदिराचा जीर्णोद्धार याच रामचंद्रबाबांनी करवला.

दरबाराची ही तऱ्हा असताना याच गावातली एक जमात, ज्यांची तोंडेही कधी पाहिली नाहीत अशा माणसांचे पैसे रोज इकडून तिकडे पाठवत होती. ती म्हणजे सराफांची. आज घरबसल्या, संगणकावर, दूरगावच्या गिऱ्हाइकांची कामे करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाला पहिल्याच फोनवर ऐकू येते, "एकदा प्रत्यक्ष भेटू, मग ठरवू." या मागणीचे करायचे काय, हा प्रश्न उज्जैनच्या सराफ्याने फार पूर्वी सोडवला होता. त्याची रीत नीट पाहण्याजोगी आहे.

समजा, पुण्याच्या एका सावकाराला उज्जैनला हजार रुपये पोहोचवायचे आहेत. रोकड बैलावर लादली तर वाटेत चोर, पेंढारी आणि ठिकठिकाणचे जकातीचे नाके. म्हणून तो हुंडी लिहितो. वरती मंगल शब्द, मग उज्जैनच्या पेढीचे नाव, रामराम, आणि मग रक्कम. रक्कम लिहिण्याची पद्धत मोठी सावध होती. रुपये हजार असे लिहून थांबायचे नाही. त्याचे निमे पाचशे, त्याची दुप्पट पूर्ण द्यावी, असेही लिहायचे. एखाद्याने आकड्यावर शून्य वाढवले तर निम्म्याचा हिशेब जुळत नसे आणि लबाडी उघडी पडे. रक्कम कोणी ठेवली, कोणाला द्यायची, केव्हा द्यायची, मिती कोणती, सगळे त्याच कागदावर. शिवाय उज्जैनच्या पेढीला वेगळे पत्र जाई की अमुक रकमेची हुंडी तुमच्यावर केली आहे, ती सकारावी. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी द्यायचे ती मुदती. या सेवेचा मोबदला म्हणजे हुंडणावळ, आणि तिचा दर बाजारात रोज वरखाली होई.

कागद वाटेत हरवला तर दुसरी प्रत निघे, ती पेठ. तीही हरवली तर परपेठ. पुण्याच्या सावकाराने उज्जैनला येऊन, समोर बसून पुन्हा सांगावे, अशी अपेक्षा कोणी करत नसे.

मग अनोळखी माणूस हुंडी घेऊन दारात उभा राहिला तर? इथे सराफ्याची खरी हुशारी दिसते. बड्या रकमांची हुंडी पुष्कळदा शहाजोग असे, म्हणजे तिचे पैसे फक्त शहाला, बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्याला मिळत. आलेल्या माणसाचा चेहरा न्याहाळणे, त्याला बसवून उलटतपासणी घेणे, हे सराफ करत नसे. त्याचा निरोप एकच असे: ओळखीच्या शहामार्फत या. तो शहा हुंडी आपल्या हाताने सादर करी आणि पैसे घेई. पुढे हुंडी खोटी निघाली तर रक्कम त्याला परत करावी लागे. त्यामुळे शहा आपल्या नावावर ऐऱ्यागैऱ्याची हुंडी घेत नसे. भेटीतून जी खात्री करून घ्यायची, ती अशा रीतीने एका जबाबदार माणसाच्या नावावर उभी केली गेली. ती अधिक पक्की होती, कारण तिच्यामागे पैसा अडकलेला होता.

मालाचेही तसेच. माळव्यातून माल बाहेर पाठवताना हुंडेकरी ठरावीक रकमेत वाहतूक, वाटेवरच्या जकाती आणि राखणदारी अंगावर घेई. अडत्या दूरच्या व्यापाऱ्यासाठी खरेदी-विक्री करून अडत घेई. पेढीचा गुमास्ता परगावी बसून मालकाच्या नावाने सौदे करी आणि हिशेब पाठवी. माळव्याची अफू हा तर या साखळीचा सर्वांत मोठा व्यवहार. शेतकरी खेड्यात, भांडवल देणारा उज्जैन-इंदूरला, विकत घेणारा मुंबईत आणि ओढणारा चीनमध्ये. १८३० च्या सुमारास कंपनीने आपली मक्तेदारीची धडपड सोडून माळव्याच्या अफूला मुंबईपर्यंत परवाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा पेटीमागे १७५ रुपये आकारले. त्या धंद्याने चीनमध्ये केलेले नुकसान विसरता येत नाही. पण इतक्या लांबच्या साखळीतली माणसे एकमेकांना न भेटता बांधलेली होती, हेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे.

या गोष्टीतले सर्वांत ठळक नाव बायजाबाई शिंदे यांचे. कागलच्या घाटग्यांची ही मुलगी १७९८ मध्ये पुण्यात महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांची पत्नी झाली. पुढची वर्षे धामधुमीची होती. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला, लष्करला हलवली. दरबार गेला, पेढ्या मात्र राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उज्जैन हा मध्य हिंदुस्थानातला पैशाचा मोठा बाजार होता आणि त्यात बायजाबाईंच्या मालकीच्या पेढ्या होत्या: नाथजी किशनदास आणि नाथजी भगवानदास. नावे पुरुषांची, भांडवल बाईंचे.

म्हणजे मालकीण ग्वाल्हेरला आणि धंदा उज्जैनला. १८२७ मध्ये दौलतराव वारले आणि १८३३ पर्यंत राज्याचा कारभारही बायजाबाईंनी चालवला. उज्जैनच्या पेढीवर आलेल्या गिऱ्हाइकाला त्या भेटणे शक्यच नव्हते. मालकीण दूर असली की गादीवर बसतो तो मुनीम. त्याच्यासमोर रोजकीर्द आणि खतावणी, आणि पेढीचा शब्द म्हणजे त्याने लिहिलेला शब्द. पेढीची पत कशात? वेळेवर सकारलेल्या हुंड्यांत. एखाद्या पेढीने हुंडी नाकारली की बातमी दुपारपर्यंत सराफ्यात फिरे, मग मालक समोर बसलेला असो वा नसो. उज्जैनचे गोपाळ मंदिर बायजाबाईंनी बांधले असे सांगतात. सराफ्याच्या गजबजाटात ते आजही उभे आहे.

भेटीशिवाय चालतच नाही असा धंदाही याच गावात, क्षिप्रेच्या काठावर आहे. रामघाटावरच्या तीर्थपुरोहिताकडे यजमानाला स्वतः यावे लागते. स्नान, श्राद्ध, तर्पण सहसा दुसऱ्याच्या हातून करवत नाहीत. त्यातही पुरोहिताची खरी दौलत म्हणजे वही. गाव, आडनाव, कूळ सांगितले की पान उघडते आणि आजोबा कधी आले होते ते निघते. यजमान येतो पिढीतून एकदा, सिंहस्थाला किंवा घरात कोणी गेल्यावर. मधल्या वर्षांत नाते सांभाळते ती नोंद. इथे भेटीला नेमके काम आहे आणि तिचा प्रसंगही ठरलेला आहे.

इंग्रजी अमदानीत साधने बदलली. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि लहान रकमांसाठी सराफाची गरज उरली नाही. १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा आला, पण देशी भाषांतल्या हुंड्यांबाबत स्थानिक रिवाजाला धक्का लावायचा नाही, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले. सरकारलाही मान्य करावे लागले की सराफ्याची रीत पक्की आहे.

आज उज्जैनमध्ये घरातल्या एका खोलीतून पुस्तकांची मांडणी, भाषांतर, हिशेब, संकेतस्थळांचे काम करणारी तरुण मुले-मुली आहेत. इंदूरचे गिऱ्हाईक म्हणते, पंचावन्न किलोमीटर तर आहे, येऊन जा. पुण्याचे म्हणते, एकदा भेट झाली की बरे. मुलगा सकाळची बस धरतो, दिवस जातो, चहा होतो, कंपनीची माहिती ऐकून तो परततो आणि काम मिळतेच असे नाही. मुलीपुढे आणखी एक प्रश्न असतो, अनोळखी माणसाला कुठे आणि कोणासोबत भेटायचे.

सराफ्याच्या रीतीने पाहिले तर भेटीच्या मागणीमागे बहुधा तीन गोष्टींपैकी एक असते. माणूस खरा आहे का, हे पाहायचे असेल तर ओळखीचा शहा पुढे करावा: ज्यांचे काम केले आहे अशा दोन गिऱ्हाइकांना विचारून त्यांचे क्रमांक द्यावेत आणि पंधरा मिनिटे व्हिडिओवर बोलावे. काम जमेल का, ही शंका असेल तर जुने काम दाखवावे, किंवा छोटा तुकडा मोबदला घेऊन करून द्यावा. अटी ठरवायच्या असतील तर त्या लेखीच ठरतात, आणि आकडा असा लिहावा की नंतर त्यावर शून्य चढणार नाही: एकूण किती, आगाऊ निम्मे किती, बाकी केव्हा.

याउपर भेट हवीच असेल, आणि मोठ्या कामात कधी कधी ती हवीही असते, तर तिला हुंडणावळीसारखा दर असावा. जाण्यायेण्याचा खर्च आणि दिवसाचा मोबदला आधी सांगावा, काम मिळाल्यास तो बिलातून वजा करावा. जागा सार्वजनिक असावी, विषय आधी कळवलेला असावा आणि बोलून झाल्यावर त्याच दिवशी लेखी टिपण जावे. खर्च ऐकून जो मागे फिरतो, त्याच्यासाठी बसचे तिकीट काढू नये. जो कबूल होतो, त्याच्याकडे वेळेवर आणि तयारीने जावे. स्वतंत्र काम करणाऱ्यांनी "भेटत नाही" असे फटकन सांगण्याची गरज नाही आणि प्रत्येक बोलावण्याला धावण्याचीही नाही. भेटीचे कारण विचारणे हा उद्धटपणा नाही. भेटीऐवजी खात्रीची दुसरी वाट दाखवणे हा उज्जैनच्या पेढ्यांवर रोजचा शिरस्ता होता.