घरची शाळा : कायदा काय सांगतो, कागद कोणते जपावेत?

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवू पाहणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न असतो, 'हे कायद्यात बसते का?' याचे सरळ 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर आपल्या कायद्यात मिळत नाही. म्हणूनच कागदपत्रांना महत्त्व येते.

कायद्याची बाजू
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्याचे कलम १० सांगते. मात्र, हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. कलम ८ नुसार 'सक्ती' आहे ती शासनावर. गृहशिक्षणाला ना परवानगी, ना स्पष्ट मनाई. परंतु मान्यतेविना शाळाच चालवल्यास कलम १८ नुसार एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परीक्षेचे मार्ग
राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीसाठी किमान वय १४ वर्षे आहे. आठवी उत्तीर्ण नसल्यास अभ्यासक्रम झेपेल असे स्वयंघोषणापत्र देता येते. राज्य मंडळाच्या दहावीला खासगीरीत्या बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो; त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाची अडचण होते ती इथेच. तेव्हा मार्ग आधीच ठरवावा.

मूल शाळेत परतणार असेल, तर कलम ४ नुसार त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

जपायच्या नोंदी
* जन्मदाखला आणि आधार कार्ड. दोन्हींवर नाव व जन्मतारीख तंतोतंत सारखी हवी.
* पूर्वी शाळेत असल्यास दाखल्याची मूळ प्रत व प्रगतिपुस्तके.
* रोजची वही : तारीख, विषय, वापरलेले पुस्तक.
* दर सहामाहीचे निवडक लेखन, गणिते, चित्रे, प्रत्येकावर तारीख.
* संगीत, क्रीडा आदींची प्रमाणपत्रे.

या नोंदी कोणी मागायला येत नाही. पण उद्या मुख्याध्यापकांपुढे मुलाला घेऊन बसावे लागले, तर मधल्या वर्षांत ते काय शिकले, हे सांगणारा पुरावा दुसरा कोणताच नसतो.