स्पार्टाकस लिहिणारा माणूस आणि आपला इतिहास

परवा वस्तीतल्या अभ्यासिकेत बारावीच्या एका मुलाने विचारले, "दादा, स्पार्टाकस खरा होता की कादंबरीतला?" त्याने मोबाईलवर १९६० चा सिनेमा पाहिला होता. प्रश्न साधा वाटतो, पण चळवळीतल्या प्रत्येकाने तो विचारावा असा आहे.

स्पार्टाकस खरा होता. इ.स.पूर्व ७३ मध्ये तो कापुआच्या ग्लॅडिएटर शाळेतून निसटला, हजारो गुलाम त्याला मिळाले. दोन वर्षांनी रोमने ते बंड चिरडले आणि सहा हजार कैद्यांना रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवले. पण खुद्द बंडखोरांनी लिहिलेली एक ओळही उरलेली नाही. उरले ते प्लुटार्क, अप्पियन अशांचे वृत्तांत, म्हणजे मालकांच्या जगातले.

ही रिकामी जागा भरली हॉवर्ड फास्टने. फास्ट १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये एका गरीब ज्यू स्थलांतरित कुटुंबात जन्मला. त्याच वेळी त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात, बाबासाहेब शिकत होते. लहानपणीच आई गेली, कोवळ्या वयात पडेल ते काम करावे लागले. त्याचे खरे शिक्षण ग्रंथालयात झाले. १९४४ च्या 'फ्रीडम रोड'मध्ये त्याने गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांची कथा लिहिली: मत मिळाले, शाळा उभ्या राहिल्या, पण समाजातली सत्ता जुन्या मालकांकडेच राहिली आणि हिंसेच्या जोरावर सगळे हिसकावले गेले. राजकीय लोकशाहीखाली सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

फॅसिझमविरोधी निर्वासितांना मदत करणाऱ्या समितीच्या देणगीदारांची नावे द्यायला नकार दिल्याबद्दल १९५० मध्ये त्याला तीन महिने तुरुंगवास झाला. तिथेच 'स्पार्टाकस'ची बीजे पडली. प्रकाशकांनी हात झटकले, तेव्हा १९५१ मध्ये त्याने पुस्तक स्वतः छापले.

फास्ट कम्युनिस्ट होता. स्टालिनच्या राजवटीचे सत्य उघड झाल्यावर १९५७ च्या सुमारास तो जाहीरपणे पक्षातून बाहेर पडला. त्याच्या थोडे आधी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेबांनी काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडली होती. पुढे फास्ट झेन ध्यानाकडे वळला, त्यावर पुस्तक लिहिले. टोपणनावाने लिहिलेल्या रहस्यकथांतला त्याचा एक पोलीस अधिकारीही झेन बौद्ध आहे. म्हणून त्याला 'आपला' ठरवण्याची घाई नको. सत्तेपुढे आणि पक्षापुढेही मान न तुकवणारा लेखक एवढी ओळख पुरेशी आहे.

आता मूळ प्रश्न. फास्टचा स्पार्टाकस हा पुरावा नाही, कल्पना आहे. राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्या इतिहास म्हणून गळी उतरवल्या जातात, तेव्हा आपण पुरावा मागतो. तोच नियम आपल्यालाही लागू आहे. आवडती कादंबरी वादात पुरावा म्हणून फेकली, तर आपला खरा पुरावाही हलका होतो.

त्या मुलाला मी सांगितले, "कादंबरी वाच, पण आधी आजीला महाडच्या, नामांतराच्या आठवणी विचार. तारीख, गाव, नाव लिहून ठेव." आपली कागदपत्रे आपण जपली नाहीत, तर दोन हजार वर्षांनी आपल्यालाही एखाद्या फास्टची वाट पाहावी लागेल.

जय भीम!